कॅलेंडरवरचा हात

घोड्यांना घालतात त्या गूळ घातलेल्या, भिजवलेल्या कोंड्याचा वास आला, की मला शिरवळजवळचा तो स्टड फार्म आठवतो आणि डोकं तापतं. आधी शर्यती गाजवून आणि मग पैदाशीला राबून म्हातारा झालेला एक घोडा त्या सकाळी निवृत्त होणार होता. हार, पाहुणे, माईक, सगळं हजर होतं. पहिल्या शर्यतीपासून त्याचा खरारा करणारा माझा मामा मात्र धुतलेला सदरा घालून भिंतीकडं उभा होता. त्याला फक्त घोड्याबरोबर एक फोटो हवा होता. मॅनेजर म्हणाला, “मामा, फोटोत मालक आणि पाहुणेच.” मामा म्हणाला, “आवं साहेब, मी नसलो तर त्यो हलायचा न्हाई.” सगळे हसले. मग माईकवरून घोड्याचं लांबलचक इंग्रजी नाव पुकारलं, तर त्यानं कानसुद्धा हलवला नाही. मालकांनी लगाम ओढला, तसा तो चारी पाय रोवून उभा राहिला. मी ओरडले, “ओढताय काय? ज्यानं सांभाळला त्याला बोलवा की!” मामा पुटपुटला, “गप गं, नोकरी जाईल माझी.” “फोटो मागितला म्हणून जाणारी नोकरी कसली? मार हाक!” तो एवढंच म्हणाला, “ये रं गड्या.” घोडा मालकांना फरफटवत थेट त्याच्याकडं आला आणि त्याच्या खांद्यावर तोंड टेकून थांबला. फोटो तसाच काढावा लागला. पुढच्या वर्षी फार्मच्या कॅलेंडरवर तोच फोटो छापताना त्यांनी मामाला कापलं. ते कॅलेंडर मी आजही आमच्या कामगार संघटनेच्या खोलीत मुद्दाम टांगून ठेवलंय, कारण घोड्याच्या गालावरचा मामाचा हात त्यात तसाच आहे; तो कापायचा तर चॅम्पियनचं तोंड कापावं लागलं असतं.