चुकाताईंच्या चिठ्ठ्या

जुन्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली चुकाताई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. एखादी अनोळखी वस्तू हाती आली, की त्या तिच्यावर धडधडीत चुकीची चिठ्ठी लावून काचेत मांडायच्या. ‘हे काय असेल हो?’ असं विचारलं तर लोक खांदे उडवून चालू लागतात. चूक दिसली की मात्र हातातलं काम टाकून धावत येतात, हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. डबी बसवलेल्या एका कात्रीवर त्यांनी ‘मिशांची कात्री’ लिहिलं, तर एक निवृत्त मास्तर तरातरा आत!

“अहो, मेणबत्तीची जळकी वात कापायची कात्री ही! तुकडा डबीत पडतो. मिशा कसल्या कापताय!”

ताईंनी कान पकडले आणि मास्तरांची पाठ वळताच खरी चिठ्ठी लिहिली. फुकटात ज्ञान, वर मास्तरही खूश.

घरी मात्र सगळी हुशारी चुलीत. वडील गेल्यापासून आईने तोंड मिटलं होतं, त्याला चार महिने झाले. जन्मभर शिवणकाम केलेली, गिऱ्हाइकाला आणि लेकीला सारखंच फैलावर घेणारी बाई; आता नुसती मान हलवायची. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. ताईंनी विनवण्या केल्या, रडून पाहिलं. आता त्यांना त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

एके दिवशी दुकानात लाकडाची एक वस्तू आली: वर गुळगुळीत गोल टोपी, खाली मूठ. ही ताईंना चांगलीच ठाऊक होती. त्यांनी ती घरी नेली, आईसमोर फतकल मारली आणि त्या गोल टोपीनेच उकडलेले बटाटे ठेचायला घेतले.

“काय झकास लगदा होतो गं, आई!”

आईचे डोळे विस्फारले.

“अगं ए गाढवे! मोजे रफू करायचं आहे ते! मोज्यात घालून भोक ताणून धरायचं! धू आधी! चांगल्या लाकडाचा सत्यानाश केलास!”

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“रडतेस काय? मोजा आण, दाखवते.”

ताईंनी घाईघाईत कपाटातून हाताला लागला तो मोजा आणला. तो वडिलांचा निघाला. आईने तो उलटापालटा केला. अंगठ्यापाशी हे एवढं भोक.

“सांगून सांगून जीभ झिजली माझी, नखं कापा, नखं कापा. ऐकतील तर शपथ!”

आणि मोजा रफू होईपर्यंत आई पदराने डोळे पुसत गेलेल्या नवऱ्याला मनसोक्त बोलत राहिली.