ओली बोटं
सीताबर्डीच्या दुकानात कोऱ्या सुती साडीची घडी उलगडली, की खळीचा वास येतो आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत जाऊन पोचते. प्रयोगशाळेत दुपारचं पिवळं ऊन उतरलं होतं, पंखे संथ फिरत होते, आणि बोर्डावरच्या लाल-काळ्या तारांत मला उमरेडचा आमचा माग दिसत होता. तारा जोडून बोर्डावरचा दिवा लागला नाही तर मी नापास होणार होते, आणि घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेवढ्यात एक तार निसटली. तुटलेला धागा सांधताना आईने शिकवलं होतं तशी मी बोटं जिभेला लावली आणि चालू बोर्डाकडे हात नेला. प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी झटकन मेन स्विच पाडला. “काहून वं, लुगडं विणून राहिली का? जीव जाईन ना.” परीक्षक सर वळले. “घरी माग आहे, सर,” मी कसंबसं म्हणाले. त्यांनी माझ्या ओल्या बोटांकडे पाहिलं. “हात पूस आणि पुन्हा जोड.” काकांनी खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. दिवा लागला. आज मी वीज उपकेंद्रात इंजिनिअर आहे. आईला मात्र त्या ओल्या बोटांचं अजून सांगितलेलं नाही; आपलं शिकवणं कुठे चुकलं, असं तिला वाटायला नको.