कवडूला फ्लॅकच पाहिजे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार म्हातारे एका खोलीत बसवा. त्यात एक बहिरा, एक हट्टी आणि एक गवई असला म्हणजे झालं. पुढचं आपोआप होते. आमच्यात बहिरा कोणता, यावर मात्र अजून एकमत नाही!

लाखनीत माझं लाऊडस्पीकरचं दुकान. आमची भीमगीतांची गायन पार्टी होती. शालिक पेटी वाजवून गायचा. कवडू त्याच्या मागे बसून झांज वाजवायचा आणि कोरस द्यायचा. मी साऊंड सांभाळायचो आणि प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर उतरवायचो. दोन ट्रंका भरल्या! आता फितींना बुरशी लागून राहिली, म्हणून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं ठरलं. कॉम्प्युटर आमच्या रिटायर मास्तरांचा, दुकान माझं. भांडण सगळ्यांचं.

*

पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "फ्लॅकमध्ये भरू की एमपीथ्रीमध्ये?"

मी म्हणालो, "मास्तर, मी चौथीत शाळा सोडली. माणसासारखं बोला."

मास्तर म्हणाले, "फ्लॅक म्हणजे पोत्यात दाबून भरलेलं धान. जागा जास्त खाते, पण पोतं सोडलं की दाणा न् दाणा तोच. एमपीथ्री म्हणजे गिरणीतून पॉलिश करून आणलेला तांदूळ. जागा कमी, पण कोंडा गेला तो गेला."

"मग पोट तांदळानंच भरते ना! कोंडा कोण खाते?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शाळेतही ते असेच पुसत असतील.

*

शालिकला एमपीथ्री पाहिजे होतं, कारण ते व्हॉट्सॲपवर लवकर जाते. पण आपला कान किती तयार आहे, हेही त्याला दाखवायचं होतं.

"मले न सांगता दोन्ही लावा मास्तर. मी ओळखतो!"

मास्तरांनी एकच गाणं दोनदा लावलं. शालिकनं डोळे मिटले, कानावर हात धरला, मान हलवली.

"पहिला एमपीथ्री. फिक्का. दुसरा फ्लॅक! काय भरदार आवाज येऊन राहिला माया!"

मास्तर म्हणाले, "शालिकराव, दोन्ही वेळा एमपीथ्रीच लावला होता."

शालिक जराही हलला नाही. "मग दुसऱ्यांदा मी चांगला गायलो असीन!"

*

आता कवडूनं विचारलं, "मास्तर, हा एमपीथ्री नेमकं काय फेकते?"

"मोठ्या आवाजाच्या मागे जो बारीक आवाज दडलेला असते ना, तो. कानाले तसाही समजत नाही म्हणून काढून टाकते."

कवडूनं एकदा शालिककडे पाहिलं, एकदा स्वतःकडे.

"म्हणजे मले!"

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याची नात कॉलेजात आहे. तिनं घरी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आबा, तुम्ही खरंच पार्टीत होते का? कोणत्याच फोटोत दिसत नाही!" फोटोत कसा दिसणार? पुढे शालिक आणि त्याची पेटी. मागे कवडूची फक्त टोपी.

दुसऱ्या दिवशी कवडू भाजीच्या डब्यात दुपट्टा अंथरून, त्यात नवीकोरी हार्डडिस्क घेऊन आला. "जागा पाहिजे ना? हे घ्या जागा. फ्लॅकच झाला पाहिजे!"

*

आता माझं ऐका. मी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होतो, "एमपीथ्रीच करा! फ्लॅक-बिक नाटकं नको!"

कारण होतं. माझ्या अँप्लिफायरला माईकची दोन भोकं, त्यातलं एक पहिल्याच वर्षी जळालं. माईक समोर नसला तर कवडू रुसून कार्यक्रमालाच येणार नाही. म्हणून त्याच्यापुढं माईक मांडायचो आणि वायर सतरंजीखाली सारून द्यायचो. वायर कुठंच लावलेली नव्हती. दुरुस्तीला सवड झाली नाही. खरं सांगू? कवडूचा सूर ऐकल्यावर घाईही वाटली नाही!

एमपीथ्री केलं असतं तर 'त्यानंच तुझा आवाज खाल्ला' असं सांगता आलं असतं. फ्लॅकमध्ये मी कोणाच्या नावानं बोंबलू?

*

एका दुपारी कवडूची बायको शेवंताबाई त्याला जेवायला बोलवायला आली. फ्लॅकचं अजून ठरायचं होतं, तेव्हा एमपीथ्रीच सुरू होतं. कवडूनं तिला खुर्ची दिली. घरी कधी दिली नसेल.

"ऐक बरं. मी कुठं ऐकू येतो काय?"

तिनं नीट कान देऊन अख्खं गाणं ऐकलं.

"नाही बाप्पा."

"पुन्हा ऐक!"

"काहून? घरी ऐकू येते थेवढं पुरते मले!"

*

शेवटी कोंढा गावच्या कार्यक्रमाची कॅसेट फ्लॅकमध्ये झाली. कवडूनं हेडफोन लावला. पहिलं गाणं झालं, काही नाही. दुसरं झालं, काही नाही. त्याचा चेहरा उतरत चालला आणि मी उगाच पंख्याचं बटण दाबत बसलो.

तिसऱ्या गाण्याच्या आधी त्यानं एकदम हात वर केला. "मास्तर, मागे घ्या! मोठं करा!"

मास्तरांनी हेडफोन काढून स्पीकर लावला. फितीची खरखर. पेटी थांबलेली. आणि दूर, पार मागून, बारीकसा कवडू:

"बापूभाऊ, माया माईक सुरू हाय ना?"

लगेच माझा आवाज, अगदी माईकजवळ: "सुरू हाय, सुरू हाय! गा तू बिनधास्त!"

मग शालिक, दबक्या आवाजात: "बापू, त्याची वायर कुठं लावली बे?"

आणि पुन्हा मी: "कुठंच नाही. गप ऱ्हा!"

शालिक चप्पल शोधायला लागला. कवडूनं ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना मान डोलवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"मास्तर, एवढंच कापून नातीच्या मोबाईलवर पाठवा. एमपीथ्री नाही, फ्लॅक!"