लोळा नसलेली घंटा

माझ्या अंगात कधी काही आलं नाही, आणि दुसऱ्याच्या अंगात आलेलंही मला कधी खरं वाटलं नाही. चौथीपर्यंत शिकलेय, चारचौघांत बोलत नाही. म्हणून हे लिहून ठेवते... कुणी वाचलं तर वाचलं.

आमचं गाव दहिवडीच्या पुढं. घरची मेंढरं आहेत. कळपाच्या पुढं चालते ती म्होरकी. घंटा फक्त तिच्या गळ्यात. आमची म्होरकी लक्षी. तिची घंटा चिरलेली, त्यामुळे टण टण न वाजता खडखडायची — खळक, खळक. गेल्या उन्हाळ्यात लक्षी मेली. आमच्याकडची रीत अशी, की म्होरकी गेली की घंटेतला लोळा काढून पेटीत ठेवायचा आणि मुकी घंटा दाराशी खुंटीला अडकवायची. नवी म्होरकी ठरली की लोळा परत बसवायचा. तो मी माझ्या हातानं काढून फडक्यात बांधला होता.

या थंडीत माझ्या लेकीची, रेश्माची, सांगलीला पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वय सरत आलेलं, शेवटची संधी. गेट बंद झालं की संपलं. मुंबईत टॅक्सी चालवणारे माझे दीर सुट्टीवर आले होते. त्यांच्या गाडीतून आम्ही तिघं पहाटे निघालो.

म्हसवड गेलं, दिघंची गेली. पुढं दिरांनी मोबाइल बघून गाडी माळावरच्या कच्च्या वाटेला घातली.

"शॉर्टकट हाय वहिनी. मॅप काय खोटं सांगतोय व्हय?"

उजाडलं आणि धुकं उतरलं. गाडीचं तोंड दिसेना. रेंज गेली. वाटेला वाटा फुटल्या, मग एकही राहिली नाही. चाकाखाली नुसतं वाळलं गवत आणि खडे. दीर बघायला उतरले ते पांढरे पडून परत आले. पुढं दगडाची खाण होती, कठडा नसलेली.

"आता धुकं निवळंपतूर हलायचं न्हाई."

रेश्मा बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची. ते मला बघवेना. मी खाली उतरले.

माळावर वाट चुकली की आम्ही एकच करतो — म्होरकीला हाक द्यायची, ती वळेल तिकडं जायचं. सवयीनं तोंडातून हाक निघून गेली. "हेऽऽर्र... लक्षेऽऽ!" दिरांसमोर मी कधी मोठ्यानं बोललेही नव्हते.

ते हसले. "वहिनी, ही गाडी हाय, मेंढरू न्हाई."

आणि धुक्यातून आवाज आला. खळक, खळक.

मला वाटलं, कानात थंडी भरली. पण रेश्माही दार उघडून उभी राहिली. "आई... ही तर लक्षीची घंटा."

"आसंल कुणाचं तरी मेंढरू," दीर म्हणाले.

"कुणाचं का असंना, त्याला वाट म्हाईत हाय. माझ्या मागनं या."

पदर डोक्याला गुंडाळून मी पुढं, मागं गाडी. आवाज थांबला की मी हाक द्यायची, तो परत पुढं वाजायचा. जवळ आला नाही, लांबही गेला नाही. बऱ्याच वेळानं पायाला गुळगुळीत लागलं... डांबर. बाजूला आटपाडीचा मैलाचा दगड. तिथं आवाज थांबला. धुकं विरत गेलं, तर सगळा माळ मोकळा. ना मेंढरू, ना माणूस. मेंढरं राखणारी बाई आधी लेंड्या बघते. त्याही नव्हत्या.

"बसा वहिनी," दीर हळूच म्हणाले. "आता मी तुमचं मेंढरू."

सांगलीत गेट ओढून घेत होते, तेवढ्यात रेश्मा आत घुसली. पळताना शेवटच्या वळणाला ती सगळ्यांच्या पुढं होती. मी कुंपणाबाहेरून तीच हाक दिली, छाती फुटेपर्यंत. लोक वळून बघत होते. बघू देत.

यादीत तिचं नाव लागलं त्या दिवशी तिच्या वडिलांनी पेटीतून फडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. मी मारलेली गाठ तशीच होती. "बसव लोळा," ते म्हणाले. "म्होरकी ठरली आपली."

बसवला. हलवली. खळक, खळक. रेश्मा माझ्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं.

त्या सकाळी काय वाजत होतं, मला आजही सांगता येत नाही. दीर म्हणतात वारा असंल... पण वारा असता तर एवढं धुकं टिकलं असतं का? रेश्मा ट्रेनिंगला गेली. बॅग उचलली तेव्हा आत मी ठेवलेली घंटा वाजली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत मी ऐकत उभी होते.