त्यांची तेलुगू प्रार्थना

पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द उरला होता, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं. भेटायला आलेले लोक विचारायचे, “तब्येत कशी हाय भाऊ?” ते म्हणायचे, “बरं.” लोकांचं समाधान व्हायचं आणि ते चहा पिऊन निघून जायचे.

राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत ते पंपावर कामाला होते. निवृत्ती जवळ आली होती. एका सकाळी अंगणात दात घासता घासता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लोंबायला लागला. चंद्रपूरला नेलं. जीव वाचला, वाचा गेली.

आमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना तेच करायचे. मी शाळेत मराठी शिकवायची, पण देवाशी बोलायचं काम त्यांचं, असं जणू ठरलेलंच होतं. मी आणि मुलगी मागून ‘आमेन’ म्हणायचो. आता ते काम करणारं कोणी उरलं नाही.

चर्चची माणसं आली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना केली. पाळक म्हणाले, “विश्वास ठेवा, भाऊ बोलतीन.” जाताना एक बाई दाराशी थांबली आणि हळूच म्हणाली, “घरात काही पाप राहून गेलं असंन, तर कबूल करून टाका.” त्यानंतर मी घरात प्रार्थनेचं नावच काढलं नाही. रविवारी मात्र जात राहिले. नाही गेले असते, तर आणखी माणसं घरी आली असती.

पहिलीच्या वर्गातले चित्रांचे तक्ते मी घरी आणले. शाळेतून आले की त्यांच्यासमोर बसायची. “म्हणा, पाणी. पा-णी.” ते चित्राकडे बघायचे, माझ्या ओठांकडे बघायचे. कपाळाला घाम फुटायचा. शेवटी म्हणायचे, “बरं.”

मी शाळेत किंवा बाजारात गेले की शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसत. त्या बौद्ध होत्या आणि रोज दिवेलागणीला वंदना म्हणायच्या. एकदा मी भाजी घेऊन परतले तर त्या फाटकाशी उभ्या.

“बाई, भाऊ बोलले!”

“काय बोलले?”

“मले नाई समजलं. मी आपली वंदना म्हनत होती, अन् त्यायनं मधातच सुरू केलं. लांबलचक बोलले. तेलगूसारखं वाटलं.”

माझ्या सासूबाई पलीकडच्या, तेलंगणातल्या. यांच्या लहानपणी त्यांनी याच भाषेत यांच्याकडून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली होती. आमच्यासाठी ते पुढे ती मराठीत म्हणू लागले. मी पिशवी टाकून आत पळाले. त्यांचे डोळे ओले होते. मी हात धरून म्हटलं, “माझ्याशी बोला. पाणी म्हणा. काहीही म्हणा.”

“बरं,” ते म्हणाले.

मुलगी वरोऱ्याला सासरी असते. तिने फोनवर मला सासूबाईंच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द आठवून सांगितले. लहानपणी आजीजवळ झोपायची, तिला येत होते. मी ते त्यांच्यासमोर उच्चारले, अडखळतच. आणि माझा नवरा शेवटपर्यंत न थांबता म्हणत गेला. आवाज तोच, जुना. मी ऐकत राहिले आणि आतून पेटत गेले. देवाला सांगायला त्यांच्याजवळ इतके शब्द होते, माझ्यासाठी ‘पाणी’ एवढा एकही नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पाठ केलेलं, गाण्यासारखं, मेंदूत वेगळं साठतं. सुरुवात कुणी करून दिली की ते आपोआप बाहेर येतं. त्यात समजून बोलणं असेलच असं नाही. बसने परत येताना मी खिडकीला डोकं टेकलं. आपोआप येत असेल, तर मी इतकी वर्षं चर्चच्या बाकावर काय करत होते? माझंही आपोआपच होतं का?

पुढचे काही दिवस मी सुरुवात करून दिली नाही. संध्याकाळ झाली की ते माझ्याकडे बघत. मावशींच्या ते लक्षात आलं.

“काऊन नाई सुरू करून देत, बाई?”

“माझं मन नाई राह्यलं त्याच्यात, मावशी.”

“नसू दे मन. त्यायचा आवाज तं आयकाले भेटते तुले.”

मी पुन्हा सुरू केलं, ते देवासाठी नाही. मला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता.

मुलगी आली तेव्हा तिनेही ऐकलं. ऐकता ऐकता रडली, मग रागावली. “आई, हे तं रेकॉर्ड लावल्यासारखं आहे. याच्यात देव कुठी आहे?”

“मले नाई माहीत,” मी म्हटलं.

एका संध्याकाळी ते मधेच थांबले. जिथे देवाकडे क्षमा मागतात, त्या ओळीशी. तिथे ते कधीच थांबत नसत. डावा हात उचलून त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. डॉक्टर म्हणाले असते, थकवा. असेलही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, एवढं मी सांगू शकते.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. गावाबाहेरच्या कब्रस्तानात मातीची ढेकळं उन्हाने दगडासारखी झाली होती. पाळक आशेबद्दल बोलले. मी ते ऐकलं, आणि त्यातलं काहीही माझ्यापर्यंत पोचलं नाही. मावशी माझ्या डोक्यावर पदर धरून उभ्या होत्या.

आता मुलगी चर्चला जात नाही. मी जाते. तिने मध्यंतरी विचारलं, “तू खरंच मानतेस का गं अजून?”

“एखाद्या दिवशी मानतो,” मी म्हटलं. “एखाद्या दिवशी नुसतीच भांडतो.”

“कोणाशी?”

“त्याच्याशीच.”

ती माझ्यासाठी चहा करायला उठली.

संध्याकाळी मी एकटीच बसते आणि तीच प्रार्थना मराठीत म्हणते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मागून आमेन म्हणणाऱ्या बाईला ते जड जातं. देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणायची वेळ आली की मी अडते. कधी थोडं थांबून पुढे जाता येतं. कधी नाही, मग प्रार्थना तिथेच अर्धवट ठेवून मी भात टाकायला उठते.