गुरुलिंगअण्णाचा डावा तळवा

देवणीच्या बाजारात सरकी-पेंडीचं दुकान चालवणाऱ्या गुरुलिंगअण्णाला डोळे मिटून बसा म्हणणं म्हणजे वळूला पाटावर बसवण्यातलाच प्रकार. राग नाकाच्या शेंड्यावर आणि पायाला भिंगरी. गिऱ्हाईक नुसता भाव विचारून निघालं, तर अण्णा रस्त्यापर्यंत मागं जाऊन त्याला चार शब्द सुनावून यायचा. असा माणूस नांदेडच्या तुरुंगात सकाळी सतरंजीवर मांडी घालून स्वतःचा श्वास बघतोय, असं कुणी देवणीत सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

बसत होता म्हणजे काय, चुळबुळत होता. ध्यान शिकवायला उमरीहून धम्मानंद सर येत. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं. "श्वास आत चाललाय, बघा. बाहेर चाललाय, बघा. दुसरं काही करू नका," ते सांगत. दुसरं काही न करण्याची ही सजा अण्णाला कोर्टाच्या सजेपेक्षा जड गेली. डोळे मिटले की पायाला मुंग्या येत, पाठीला नेमकी हात न पोचणाऱ्या जागी खाज सुटे, शेजारचा खुशाल घोरायला लागे. ते सगळं सोसलं तरी मांडीवर डावा तळवा उताणा पडलेला असायचाच. तो सोसवत नसे.

त्या तळव्याचं आधी सांगायला हवं. लिंगायताच्या घरचं पोर गळ्यात इष्टलिंग बांधूनच वाढतं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळव्यावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि नजर लावून बसायचं. अण्णाच्या घरी पूजा होईतो तोंडात घास नाही आणि तोंडातून शब्द नाही. दिवसभर कुणाकुणाशी भांडणारा अण्णा तेवढा वेळ मुका असे. धाकट्या भावानं, सिद्धरामनं, हे बरोबर हेरलं होतं. एरवी अण्णाशी बोलायला जावं तर तो घर डोक्यावर घेई. म्हणून सिद्धराम पूजेच्या वेळी उंबऱ्यात उभा राहून म्हणायचं ते म्हणून टाकी आणि सटके. दुकानात नोकर ठेवायचं असंच ठरलं, सिद्धरामचं लातूरचं बिऱ्हाडही असंच झालं. पूजा संपेपर्यंत अण्णाचा निम्मा राग निवलेला असे. घरात सगळ्यांना वाटे, काय शहाणपणाची युक्ती आहे! डोंबलाची युक्ती. ज्याला उत्तर द्यायची सोयच नाही, त्याच्या पोटात ते साठत जाणार नाही तर काय होणार?

एका सकाळी आईचा विषय काढून सिद्धराम उंबऱ्यातून म्हणाला, "अण्णा, अव्वाला मी लातूरला न्हेतो. तुझ्या धाकानं ती ह्या घरात धड श्वास बी घेत न्हाई."

अण्णाचा तळवा मिटला. लिंग आतच होतं. तो उठला कधी आणि हात फिरला कधी, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. सिद्धरामचा उजवा डोळा गेला.

इष्टलिंग पोलिसांनी पंचनामा करून मुद्देमालात नेलं आणि अण्णाला सजा लागली. पूजेशिवाय जेवायचं नाही म्हणून तुरुंगात तो सुरुवातीला उपाशी राहिला. मग भुकेपुढं कुणाचं काय चालतं? जेवू लागला, पण जेवताना डावा हात पाठीमागं ठेवायचा. देव मुठीत धरून पाठच्या भावाला मारलं. त्या हाताकडं बघायची त्याला लाज वाटायची.

आणि आता निरोप आला होता, सोमवारी सिद्धराम भेटीला येतोय. अव्वा, म्हणजे त्यांची आई नीलम्मा, त्याच्याकडंच लातूरला होती. थकली होती, एकटी प्रवास करू शकत नव्हती. आणायची तर सिद्धरामनंच. आपण सुटेपर्यंत ती राहते की नाही, या विचारानं अण्णाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी तो सतरंजीवर बसला, उठला, परत बसला. सगळे गेल्यावर सरांच्या मागं गेला. "सर, एवढं करायलो, पन राग काय जाईना."

"घालवा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग?"

"मला पण येतो की. बायको म्हणती, लोकांना शिकवता काय अन् घरात करता काय!" सर हसले. "पण आता तो येताना दिसतो तरी."

याचा काय उपयोग, असं अण्णाला वाटलं. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सोमवारी जाळीपलीकडं सिद्धराम बसला. डोळ्यांवर काळा चष्मा होता, तो त्यानं काढून ठेवला. अण्णानं मान खाली घातली.

"अव्वा यायचं म्हनायली," सिद्धराम म्हणाला. "रोज तुझंच नाव घेती. पन तिला आनायचं का न्हाई, ते तुला बघून ठरवनार हाय मी."

अण्णानं मान हलवली. सिद्धराम पुढं सरकला आणि मुद्दाम, एकेक शब्द मोजून बोलला. "तुझ्या धाकानं ती त्या घरात धड श्वास बी घेत न्हवती."

अण्णाचे कान तापले. खाली मांडीवर डावी मूठ वळली. त्यानं श्वास शोधला, तर सापडेना. मग सापडला. लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, आत, बाहेर. मूठ काही सुटली नाही.

"राग आला?" सिद्धरामनं विचारलं.

नाही म्हटलं की अव्वा भेटणार होती. शब्द ओठांवर आला होता.

"आला," अण्णा म्हणाला. "लई आला. पन ह्या बारीला येताना दिसला, सिद्धू. त्या दिवशी दिसला असता तर..." त्यानं मान वर करून त्या गेलेल्या डोळ्याकडं बघितलं. "चुकलं माझं. तुझं बी खरंच हाय. अव्वा भ्यायची मला."

सिद्धरामनं आजवर उंबऱ्यातून किती बोलणी टाकली असतील, पण उत्तर मिळायची ही पहिलीच वेळ होती.

"हात वर घे," तो म्हणाला. "डावा."

अण्णानं हात जाळीशी नेला. मूठ तशीच होती.

"उघड."

ती उघडायला वेळ लागला. बोटं आखडली होती. तळव्यात नखं रुतून रक्त आलं होतं. सिद्धरामनं उरलेला डोळा जाळीला लावला आणि तो तळवा नीट बघितला. मागं शिपाई वेळ संपली म्हणून सांगत होता.

सिद्धरामनं चष्मा लावला. उठला.

"पुढच्या सोमवारी आनतो तिला," तो म्हणाला. "पन ती आल्यावर बोलायचं तू. गप बसायचं न्हाई."