मगदूम सरांचा नकार

मी आज जो काही आहे तो शाळेत गणित शिकवणाऱ्या नलिनी कुलकर्णी बाईंमुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि पहिल्या पदवीधराबद्दल लोक 'पोरगं मुळातच हुशार' म्हणून मोकळे होतात. मी मुळात हुशार वगैरे नव्हतो. मला गणित येत होतं आणि ते येतंय हे बाईंच्या लक्षात आलं, एवढंच.

पारनेरच्या स्टँडवरून मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो, त्या सकाळी बाई मला सोडायला आल्या होत्या. वडिलांनी त्यांच्यासाठी चहा आणला. "नको, मी घेऊन निघालेय घरून," बाई म्हणाल्या. वडिलांनी कप त्यांच्या हातात दिला. तो संपतोय तोवर चुलते दुसरा घेऊन हजर. "आमचा कसा न्हाई घ्यायचा बाई? आमी काय परकं हाय का?" तिसरा आईने आणला, "अर्धाच हाय" म्हणत, काठोकाठ भरलेला. गाडी लागली तेव्हा बाई खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या लोकांत नको म्हणायची काही सोयच नाही रे." शिरूर येईपर्यंत मला त्याचं हसू येत होतं. शिरूरच्या पुढे मात्र रडू आलं.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आईने आम्हा भावंडांना लहानपणी शिकवलेलं असं: "कुनी खायला दिलं तर दोनदा न्हाई म्हनायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. हावरं दिसू नये." आमच्या गावात हे सगळ्यांनाच ठाऊक. त्यामुळे यजमानही तीनदा विचारायचा आणि कुणी उपाशी राहायचं नाही.

उपाशी राहिलो तो मी, बाईंच्या घरी. दहावीला त्या मला रविवारी जादा गणितासाठी बोलवायच्या. मी गावाहून सायकलने जायचो. पहिल्या रविवारी त्यांनी पोहे केले आणि विचारलं, "खाणार?" मी म्हणालो, "नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि माझ्यासमोर बसून एकट्याच खाऊ लागल्या. मी प्रमेय सोडवत शेंगदाणे मोजत होतो. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी माझं पोट इतकं वाजलं की त्यांना ऐकू गेलं.

"भूक लागली होती तर नको का म्हणालास?"

"तुम्ही परत विचारलंच नाही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "माझ्या घरी मी एकदाच विचारते. हवं असलं तर हो म्हणायचं. बाहेर सगळीकडे एकदाच विचारतात, आत्तापासून सवय कर." त्यानंतर मी दर रविवारी "हो" म्हणालो. पुढे पुण्यात संख्याशास्त्राच्या प्रवेशाच्या वेळी वसतिगृहाच्या रेक्टरनी "इथे राहायचंय का?" विचारलं, तेव्हा वडील "तुमी म्हनाल तसं साहेब" म्हणत होते आणि मी मात्र "हो, राहायचंय" म्हणून टाकलं. वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साहेबांच्या ताटातली भाकरी उचलली.

आता मी मडगावजवळ राहतो आणि एका व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये नोकरी करतो. सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, कोण कुठे धावला, कुणाचा पास कुठे तुटला याची नोंद करायची आणि कोचला क्लिप काढून द्यायच्या. गावात कुणी विचारलं तर वडील सांगतात, "त्यो बॉल मोजतो तिकडं." तसं ते चुकीचं नाही. सकाळी दारात पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येतो; बाजरीचं पीठ मात्र गोरख, माझा धाकटा भाऊ, पुण्याच्या बसने पाठवतो. पारनेरच्या माळावरचा वारा अंग कोरडं करणारा, इथे धुतलेला शर्ट दोन दिवस वाळत नाही. दोन्हींची सवय झाली आहे. गावाकडच्या मित्रांना वाटतं मी समुद्रावर असतो. मी दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर असतो.

गेल्या मोसमात आमचे पोर्तुगीज हेड कोच मध्येच सोडून मायदेशी गेले. नवा माणूस मिळेपर्यंत संघ सहायक कोच मगदूम सरांकडे आला. ते कोल्हापूरचे, क्लबमध्ये सर्वांत जुने. आमच्या संघातली निम्मी पोरं त्यांनी क्लबच्या कुमार गटापासून घडवलेली. तीन नावं अखेरच्या मुलाखतीला आली: पडद्यावर दोन परदेशी कोच, त्यातला एक स्पेनचा, आणि खोलीत मगदूम सर. आकडे दाखवायला मी टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलो होतो.

पहिल्या परदेशी कोचला क्लबच्या अध्यक्षा डिसोझा मॅडमनी विचारलं, ही जबाबदारी तुम्हालाच का द्यावी? तो बाणांनी भरलेली चित्रं दाखवत अर्धा तास बोलला. दुसरा त्याहून जास्त बोलला. मग इस्त्रीचा ट्रॅकसूट घातलेले मगदूम सर आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडमनी सरळ विचारलं, "हेड कोच व्हायचंय तुम्हाला?"

सर इंग्रजीत, अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, माझ्यापेक्षा मोठ्या माणसांनी अर्ज केलाय. त्यांच्यातलं कुणी मिळालं तर आनंदच आहे. नाहीच मिळालं, तर मी इथे आहेच."

मॅडमनी आभार मानले. सर गेल्यावर त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. पण ज्याला स्वतःलाच नको, त्याच्या हातात संघ कसा द्यायचा?" शेजारी बसलेल्या दोन्ही संचालकांनी मान डोलावली.

 मला तो नकार पाठ होता. तो पहिल्या खेपेचा नकार होता, आणि या खोलीत दुसरी खेप होणार नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, त्यांना हवंय."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"मग? हे बघा, शुक्रवारी निर्णय आहे. त्याआधी ते स्वतः येऊन म्हणाले तर मी ऐकेन. तुमच्या तोंडून नाही ऐकणार."

त्या चूक नव्हत्या. पण नवा कोच आपली माणसं बरोबर घेऊन येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे हेड कोच झाले नाहीत, तर सर आहेत त्या जागेवरही राहणार नव्हते. मुलगी सई बारावीत इथेच शिकत होती. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि मॅडमचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"मी नको म्हटलंच कुठं?" सर म्हणाले.

"हो तरी कुठे म्हणालात?"

"तोंड वर करून हो कसं म्हणायचं लेका? त्यांनी म्हणायला पाहिजे, मगदूम, तुम्हीच घ्या. मग मी म्हणणार, बघा बुवा. मग ते म्हणणार, नाही, तुम्हीच."

"आणि तोवर स्पेनचा माणूस विमानातनं उतरणार," आतून वहिनी म्हणाल्या. त्या हात पुसत बाहेर आल्या. "ह्यांनी लग्नातबी हेच केलं. मुलगी पसंत का विचारलं, तर म्हणाले, घरचे म्हणतील तसं. माझ्या वडलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं हुतं."

"झालं ना पण लग्न."

"माझ्या मामानं परत येऊन विचारलं म्हणून झालं. क्लबात मामा नाही तुमचा."

मग मी बाईंच्या पोह्यांची गोष्ट सांगितली. सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे शिकायला पाहिजे म्हणतोस."

सईने लगेच मॅडमची भूमिका घेतली. खुर्चीत ताठ बसून तिने विचारलं, "मिस्टर मगदूम, डू यू वॉन्ट धिस जॉब?"

"इफ यू पीपल फील..."

"बाबा, नापास."

"आय कॅन ट्राय."

"नापास. ट्राय काय? मी अभ्यासाला ट्राय करते म्हटलं तर चालतं तुम्हाला?"

आणखी दोन-तीनदा नापास झाल्यावर सर उखडले. "होय, पाहिजे मला. ह्या पोरांना मी बूट बांधायला शिकवलंय. त्यांना दुसऱ्याच्या हातात का देऊ?"

 मग सई म्हणाली, "हेच. आता इंग्रजीत."

"इंग्रजीत एवढा राग येत नाही मला."

"मॅडमना मराठी चांगलं कळतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. मी काचेपलीकडून बघत होतो, म्हणजे पडद्याकडे तोंड करून बसलो होतो आणि लक्ष सगळं दाराकडे. सर बाहेर आले आणि पाण्याची अख्खी बाटली प्याले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हे मुलाखतीत का नाही सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही एकदाच विचारलंत."

शुक्रवारी त्यांचं नाव जाहीर झालं. करार एका मोसमाचा. पहिला सामना आम्ही हरलो, दुसरा जिंकलो, आणि पोरं त्यांच्यासाठी धावताहेत हे माझ्या आकड्यांतही दिसतं.

त्या जिंकलेल्या सामन्यानंतर वहिनींनी मला जेवायला बोलावलं. जेवताना सरांनी विचारलं, "त्या पोह्यांच्या बाईंना आणलंस का कधी इकडं?"

"दिवाळीत विचारलं होतं. नको म्हणाल्या."

"कितीदा विचारलंस?"

"एकदाच. त्यांच्याकडे नको म्हणजे नकोच असतं."

वाढता वाढता वहिनी थांबल्या. "वय काय त्यांचं?"

"सत्तरीच्या पुढे. आता नगरला एकट्या असतात."

"मग एकदाच विचारून चालतंय व्हय? ह्या वयात माणूस स्वतःसाठी नको म्हणत नाही. दुसऱ्याला त्रास नको म्हणून म्हणतं."

मी बरोबरीच्या कितीतरी पोरांसारखा घर सोडून बाहेर पडलेला माणूस. बाहेर टिकायचं तर पटकन हो म्हणायला यावं लागतं, हे मी शिकलो आणि त्यावर माझं सगळं चाललं आहे. पण समोरच्याने नको म्हटल्यावर दारात थांबून राहायची आमच्या घरची रीत मी कधी सोडली, ते मला कळलंच नाही. बाईंशी फोनवर बोललं तर त्या दोन मिनिटांत विषय संपवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे पत्र टाकलं.

तीर्थस्वरूप बाईंना, साष्टांग नमस्कार.

दिवाळीत तुम्ही "एवढ्या लांब नको रे" म्हणालात आणि मी तुमचा नियम पाळून गप्प बसलो. आज तो मोडतो आहे. तुम्ही गोव्याला माझ्याकडे या.

आमच्या क्लबला नवे हेड कोच मिळाले आहेत. ते कसे मिळाले त्यात तुमचा हात आहे, ते इथे आल्यावर त्यांच्याच तोंडून ऐका. नगरहून पुण्यापर्यंत गोरख तुम्हाला गाडीने आणेल, पुण्यापासून मी बरोबर आहे. आईही येते म्हणते, तेव्हा वाटेत चहाला नको म्हणू नका, उपयोग होणार नाही. माझी जागा तळमजल्यावर आहे, जिना नाही. तुम्ही असाल तोवर इथे मासे शिजणार नाहीत.

बाई, इथे येऊन मला इतकी वर्षं झाली, पण कुणी पत्ता विचारला की मी अजून 'खोली' म्हणतो. माझ्या माणसांपैकी अजून इथे कुणी राहिलेलंच नाही. तुम्ही आठ दिवस राहून गेलात की मलाही घर म्हणता येईल.

तुम्ही नको म्हणालात तर मी पुढच्या महिन्यात परत विचारीन, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात परत. पण हो म्हणणार असाल तर लवकर कळवा. तुम्हाला आमचा सामनाही दाखवायचा आहे; मैदानावर दुपारी ऊन फार असतं, आणि मला तुमच्यासाठी सावलीतली जागा आधी धरून ठेवावी लागेल.

तुमचा,
नवनाथ